नाताळात भट्टी कोण सांभाळणार

नाताळात जन्मले म्हणून आईबापांनी माझं नाव नोएलीन ठेवलं. त्यावर कडी म्हणून देवाने जन्मभर दुसऱ्यांच्या नाताळच्या रजा मोजायचं काम माझ्या गळ्यात मारलं. टोकोरोआ गावाच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून आमची सॉ मिल आहे. ओंडके येतात, त्यांच्या फळ्या होतात, फळ्या भट्टीत सुकतात आणि ट्रकवर चढतात. ऑफिसात मी. पगार, रजा, चहाची साखर, सगळं माझ्याकडे.

दर डिसेंबरात मिल तीन आठवडे बंद होते. सणाचे दिवस सोडले तर बाकीचे दिवस प्रत्येकाच्या हक्काच्या रजेतून कापले जातात. ऐकायला सोपं वाटतं ना? मग या एकदा डिसेंबरात माझ्या टेबलापाशी. ज्याने वर्षभर मासे धरण्यात रजा उडवलेली असते तोच गोड हसत येतो आणि म्हणतो, "नोएलीन, बघ ना काही जमतंय का." काय बघू? रजा काय माझ्या परसात पिकते?

भट्टी मात्र बंद करता येत नाही. मधेच गार पडली तर आतल्या फळ्या वाकतात आणि सगळा माल वाया जातो. म्हणून एक माणूस मागे राहतो. त्याने भुसा घालायचा, तापमानाचे काटे बघायचे, आवारात चक्कर मारायची. त्या माणसाची रजा कापली जात नाही, पण त्याचा अख्खा नाताळ भट्टीच्या तोंडाशी जातो. तोही आमच्या दक्षिणेकडच्या देशातल्या भर उन्हाळ्यात, सगळं गाव समुद्रावर पसरलेलं असताना. ही कामगिरी कुणालाच नको असते. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सगळ्यांच्या नावाच्या लाकडी चकत्या हेल्मेटमध्ये टाकतात आणि मालक डोळे मिटून एक काढतो.

चकत्या करायचं काम मर्वचं. मर्व म्हणजे आमच्या करवतींना धार लावणारा म्हातारा. उंच, वाळका, आणि तोंडाने असा की सकाळी 'काय मर्व, बरा आहेस ना?' विचारलं तर 'का, मेलेला दिसतोय?' म्हणणार. गेली चार वर्षं ओळीने त्याचंच नाव निघत होतं. दर वेळी तो टोपी जमिनीवर आपटायचा आणि ओरडायचा, "माझंच नशीब फुटकं! दुसरा कुणी सापडत नाही का?" आम्ही पोट धरधरून हसायचो. मग मी त्याला माझ्या हातचा फळांचा केक डब्यात भरून द्यायची, आणि तो म्हणायचा की मागच्या वर्षीचा जास्त कोरडा होता.

त्या वर्षी नोव्हेंबर सरता सरता एका दुपारी लाफाएले माझ्या दारात येऊन उभा राहिला. लाफाएले आमच्याकडे फळ्या रचायला असतो. सामोआ बेटांवरचा. दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतात एवढा आडवा, आणि आवाज ऐकाल तर देवळात बोलतोय असं वाटेल.

"काम चालू द्या नोएलीनबाई. मी उभा आहे."

"उभा राहून काय तोरण बांधणार आहेस? बस."

बसला. पावसाचं बोलला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. याला काहीतरी मागायचंय हे मला कळलं होतं. पण लाफाएलेच्या तोंडून मागणं काढायचं म्हणजे लाकडातून खिळा काढण्यासारखं आहे.

"फेब्रुवारीत दोन आठवडे हवे होते," शेवटी म्हणाला. "पण नसतील तर नसू देत."

"कशाला हवेत?"

"घरचं आहे थोडं."

"थोडं म्हणजे किती थोडं? बोल की बाबा, मी काय पोलीस आहे?"

मग हळूहळू सगळं निघालं. जूनमध्ये त्याचे वडील गेले होते, ते आम्हाला माहीत होतं. तो सवाईला, त्यांच्या बेटावर, जाऊन सगळं करून आला आणि साठलेली सगळी रजा त्यात संपली. मिलमधल्या पोरांना तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण पुढचं कुणाला माहीत नव्हतं. वडील त्यांच्या घराण्याचे मताई होते. घराण्याच्या वतीने गावात बसायचं, बोलायचं, तंटे सोडवायचे, ते सगळं त्यांच्याकडे. आता सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की ते पद, ते नाव, लाफाएलेला द्यायचं. फेब्रुवारीत, गावात, सगळ्यांच्या देखत.

"आणि तू नसलास तर?"

"तर चुलतभावाला जाईल. तो ऑकलंडला असतो." मग म्हणाला, "चांगला आहे तसा."

लाफाएले कुणाला 'चांगला आहे तसा' म्हणाला की समजायचं, माणूस काही कामाचा नाही.

"अरे, मग हे ब्राइसला सांग ना सरळ!"

"असं कसं सांगायचं? मला मोठं करताहेत, म्हणून मला सोडा, असं? लाज वाटते. तुम्हीपण कुणाला सांगू नका." आणि एवढा मोठा माणूस माझ्या टेबलावरच्या टाचण्या सरळ करत बसला. "वडिलांनी शेवटी माझा हात धरला होता," एवढंच म्हणाला.

मी त्याचं रजेचं खातं उघडलं. पण हिशोब काही माणसाकडे बघत नाही. जूननंतर त्याची जेमतेम दोन आठवड्यांची रजा जमली होती आणि नाताळची बंदी ती गिळणार होती. मी ब्राइसकडे गेले. ब्राइस आमचा मालक. त्याच्या बापाच्या वेळेपासून मी इथे आहे, तेव्हा ब्राइस चड्डीत भुशावर उड्या मारायचा. मनाने वाईट नाही. पण फेब्रुवारी म्हटलं की त्याच्या अंगात येतं, कारण सगळ्या मोठ्या ऑर्डरी तेव्हाच येतात.

"समज, कुणाला फेब्रुवारीत बिनपगारी जायचं असलं," मी म्हणाले.

"नाही, नाही आणि नाही. खात्यात रजा असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही. नसेल तर फेब्रुवारीत एक माणूस हलायचा नाही. आणि नोएलीन, त्या मर्वला सांग, रजा घे म्हणून. डोंगर साठवून ठेवलाय त्याने. जाताना बरोबर नेणार आहे का?"

म्हणजे लाफाएलेला एकच वाट उरली. नाताळात भट्टीवर राहायचं. तसं झालं तर त्याची रजा कापली जाणार नव्हती. आणि ते ठरवणार होतं ते मेलं हेल्मेट. सगळ्या मिलची नावं त्यात, त्यातलं एक त्याचं. मी त्या आठवड्यात चर्चमध्येही हेल्मेटचाच विचार करत बसले होते.

शुक्रवार उजाडला. सकाळी हुइआ माझ्या ऑफिसात घुसली आणि तिने दार लावून घेतलं. हुइआ आमची फोर्कलिफ्ट चालवते. मिलमध्ये कुणाचं काय चाललंय ते तिला आधी कळतं, मग त्या माणसाला. तिच्या हातात मर्वचा चकत्यांचा डबा होता.

"नोएलीन, एक पाप करायला निघाले होते आणि भलतंच हाती लागलं."

"आधी पाप सांग."

"अगं, आम्ही सगळ्यांनी ठरवलं, या वर्षी लाफाएलेचं नाव काढून टाकायचं. बिचाऱ्याचं वर्ष किती वाईट गेलं. त्यात नाताळभर भट्टीवर राहायला लागलं तर? म्हणून मर्व चहाला गेला तेव्हा त्याच्या शेडमधून डबा पळवला, म्हटलं त्याची चकती खिशात घालू." तिने डबा माझ्या टेबलावर उपडा केला. "आता बघ."

मी एक चकती उचलली. 'मर्व'. दुसरी उचलली. 'मर्व'. सगळ्या उलटसुलट करून बघितल्या. अख्ख्या डब्यात दुसरं नावच नव्हतं.

"चार वर्षं!" हुइआ म्हणाली. "चार वर्षं हा थेरडा आपल्यासमोर टोपी आपटतोय!" ती हसायला लागली, मीही लागले, आणि हसता हसता आम्हा दोघींना एकदमच बेरिल आठवली.

बेरिल, मर्वची बायको, गेली त्याला पाच वर्षं होत होती. त्यानंतरच्या पहिल्या नाताळला आम्ही सगळ्यांनी त्याला बोलावलं होतं. तो सगळ्यांना 'येतो येतो' म्हणाला आणि कुणाकडेच गेला नाही. मला वाटलं हुइआकडे आहे, हुइआला वाटलं माझ्याकडे आहे. आमच्याकडे असंच आहे. विचारून कुणाला अवघडायला नको म्हणून विचारायचंच नाही. आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून मर्वचं नाव निघायला लागलं होतं.

"आता काय करायचं?" हुइआने डोळे पुसत विचारलं.

"लाफाएलेला भट्टी हवीय. त्याची रजा वाचायला हवी. का ते विचारू नकोस."

"हवीय? आणि आम्ही त्याला वाचवायला निघालो होतो?" तिने कपाळावर हात मारला. "शाबास आमची!"

मी डबा घेतला आणि मर्वच्या शेडमध्ये गेले. तो करवतीवर वाकला होता. मी एक चकती त्याच्या नाकासमोर धरली.

"मर्व, हे काय आहे?"

"लाकूड."

"सगळ्यांवर तुझंच नाव आहे."

"अक्षर सुधारत होतो," तो म्हणाला, पण मान वर केली नाही.

मग मी त्याला लाफाएलेचं सगळं सांगितलं. शब्द दिला होता कुणाला न सांगायचा, तो मोडला. मोडला तर मोडला. वडिलांचं सांगितलं, पदाचं सांगितलं, ऑकलंडच्या चुलतभावाचंही सांगितलं. मर्व कानस चालवत राहिला.

"मग मी काय करू म्हणतेस?"

"ते तुझं तू बघ. मी फक्त सांगितलं."

कानस थांबली. "नाताळात घरी बसून काय करू गं मी?" तो म्हणाला. इतक्या वर्षांत मर्व माझ्याशी असं बोलला नव्हता. "बेरिलची खुर्ची आहे तिथे. इथे निदान काटे बघायचे असतात."

"माझ्याकडे ये. मुलं आहेत, नातवंडं आहेत, तुला कुणी त्रास देणार नाही."

"हो. येतो," तो म्हणाला.

मर्वचं 'येतो' मला आता चांगलं ठाऊक होतं. मी डबा तिथेच ठेवला आणि परत आले. त्याच्यावर जबरदस्ती करायचा मला काय अधिकार?

दुपारी आवारात बार्बेक्यू लागला. सॉसेज करपली, कांदा करपला, सगळं नेहमीसारखं. मर्वने हेल्मेट आणून ब्राइसच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून मागे जाऊन उभा राहिला. हुइआने माझा दंड धरला, तो दुखेपर्यंत धरून ठेवला. ब्राइसने डोळे मिटले, हात घातला, ढवळलं, आणि एक चकती वर काढली.

"लाफाएले!"

मी श्वास सोडला. पण एकदम ओरडाच झाला. "हट! हे काही बरोबर नाही!" "त्याचं वर्ष कसं गेलंय!" "ब्राइस, परत काढ!" हुइआच्याच टोळीतला एक तगडा गडी पुढे झाला आणि म्हणाला, "मी राहतो त्याच्याऐवजी. त्याला पोराबाळांत जाऊ दे." लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सोन्यासारखी माणसं हो, पण त्या वेळी एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आणि लाफाएले उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसत होता. समोरचा एवढ्या प्रेमाने काही देतोय आणि त्याला नाही म्हणायचं, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. "तुमची इच्छा असेल तर..." त्याने सुरुवात केली.

"गप्प बसा रे!" मर्व मागून गरजला. "चार वर्षं माझं नाव निघालं तेव्हा कुठे गेली होती ही दया? तेव्हा दात काढत होता ना सगळे? निघालं ते निघालं!" तो गर्दी सारत पुढे आला आणि लाफाएलेसमोर उभा राहिला. "सगळ्यांचं राहू दे. तुला हवीय का भट्टी, ते बोल."

लाफाएलेने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, माग रे बाबा, एकदा तरी स्वतःसाठी काही माग.

"हवीय," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "मला हवीय."

"झालं तर मग," मर्व म्हणाला.

ब्राइस म्हणाला, बाकी नावं बरोबर आहेत ना तेवढं बघतो. पण तोवर हुइआने हेल्मेट हिसकावून सगळ्या चकत्या निखाऱ्यात ओतल्या होत्या. "आग विझत आली होती," ती म्हणाली. मर्व मात्र कुणाशी न बोलता शेडमध्ये निघून गेला. त्याची पाठ बघून मला आनंद पुरता होईना.

नाताळच्या दिवशी मी त्याचं ताट मांडलं. जेवणं झाली, पावलोव्हाचा केक कापला, ताट तसंच. या वेळी मात्र मी गृहीत धरून बसले नाही. हुइआला फोन लावला. तिच्याकडे नव्हता. तडक त्याच्या घरी गेले. दाराला कुलूप, गाडीही नाही. काय वेडंवाकडं करून बसला की काय हा? मग सुचलं आणि मी गाडी मिलकडे वळवली.

फाटकात मर्वची गाडी उभी होती. तिच्या शेजारी लाफाएलेची मोठी व्हॅन.

लाफाएलेला भट्टी सोडून घरी जाता येत नव्हतं, म्हणून त्याची बायको तेलेसिया सगळं घरच भट्टीवर घेऊन आली होती. शेडच्या सावलीत चटया अंथरलेल्या. डुकराचं मटण, अळूसारखे तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, पातेल्यावर पातेली. मामा, मावश्या, चिल्लीपिल्ली. आणि मधोमध खुर्चीवर मर्व, गळ्यात फुलांची माळ, मांडीवर लाफाएलेची धाकटी, तोंड नेहमीसारखं वाकडं.

"मर्व! तू रजेवर आहेस!"

"मग? रजेवर माणूस वाटेल तिथे बसू शकतो. कायदा आहे. तूच शिकवतेस."

तेलेसिया हसत माझ्यासाठी पान वाढायला लागली. "सकाळी आले, म्हणाले काटा बघतो आणि जातो. तेव्हापासून काटाच बघताहेत."

"पापा मर्व," धाकटी त्याची हनुवटी धरून म्हणाली, "आणखी एक गोष्ट." त्यांच्याकडे पोरं म्हाताऱ्या माणसाला पापा म्हणतात.

"आधी तो हात पूस. माझ्या शर्टाला लावू नकोस," पापा मर्व म्हणाला, आणि स्वतःच्याच शर्टाला तिचा हात पुसला.

मी परत जेवले. काय करणार, तेलेसिया ऐकते थोडीच! लाफाएले अधूनमधून भुसा घालून यायचा आणि मर्वशेजारी जमिनीवर बसून त्याला गावाचं सांगायचा. समुद्र कुठे आहे, वडिलांची जागा कुठे आहे, कार्याला कोण कोण येणार. मर्व ऐकत होता. मधेच म्हणाला, "तुझ्या बाजूने म्हातारं माणूस कोण बसणार तिथे?" लाफाएले मान खाली घालून हसला.

जानेवारीत मिल उघडली. लाफाएलेने फेब्रुवारीची रजा मागितली. ब्राइसने खातं बघितलं, रजा होती, सही केली. मी मनातल्या मनात नाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्व ऑफिसात आला. ब्राइस तिथेच चहा घेत होता.

"मला दोन आठवडे पाहिजेत. फेब्रुवारीत. लाफाएलेचे आहेत तेच."

ब्राइसला ठसका लागला. "दोघं? एकदम? फेब्रुवारीत? नोएलीन, सांग याला काहीतरी!"

"खात्यात रजा असेल तर खुशाल जा, अडवणार नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं बाई," मी म्हणाले. "आणि डोंगर साठवलाय, बरोबर नेणार का, असंही म्हणालं होतं. कोण बरं ते?"

"पण करवती? करवती कोण बघणार?"

"सगळ्या जादा पात्यांना धार लावून ठेवलीय," मर्व म्हणाला. "नाताळात वेळ होता."

ब्राइस माझ्याकडे बघत राहिला, मग मर्वकडे, मग बाहेर फळ्या रचणाऱ्या लाफाएलेकडे. पोरगं तसं बापासारखंच आहे, कळायला उशीर लागतो, पण कळतं. तो चहा तसाच ठेवून उठला. "जा बाबा, जा," म्हणाला आणि निघून गेला.

मी पेन उचललं. फेब्रुवारीची रजा असली की आमच्याकडे कारण लिहावं लागतं. मर्व आयुष्यात कधी टाउपो तलावापलीकडे गेला नव्हता. म्हटलं, हवापालट म्हणेल, नाहीतर 'तुला काय करायचंय' म्हणेल.

"कारण काय लिहू?"

त्याने टोपी काढली, आतल्या शिवणीकडे बघत राहिला, परत डोक्यावर घातली.

"लिही," तो म्हणाला, "घरचं कार्य."

मी लिहिलं.